दोन व्याही आणि सात नंबरचं मशीन

माझ्या भावाला खोटं बोलता येत नाही. लोक म्हणतात, "काय सरळ माणूस!" त्यांचं काय जातंय म्हणायला? ज्यांना त्याच्याबरोबर दिवस काढायचे असतात त्यांना विचारा. नको असलेला पाहुणा दारात आला, वहिनीनं "हे घरात नाहीत" म्हणून सांगितलं, की आतून हा ओरडणार, "आहे गं मी, अंघोळीला चाललोय!" असा आमचा हरिचंद्र दादा. त्याच्या लेकीचं लग्न ठरलं आणि त्याच वेळी त्याची कंपनी परदेशात निघाली, तेव्हा माझ्या डोक्याचा कसा भुगा झाला असेल ते तुम्हीच बघा.

मी संजीवनी, त्याची धाकटी बहीण. उल्हासनगर कॅम्प चारमध्ये राहते. घराच्या पुढच्या खोलीत जीन्सचं धागा कटिंग चालतं माझं, चार-पाच बायका येतात, दिवसभर कैच्या आणि तोंडं दोन्ही चालू. दादा अंबरनाथ पूर्वेला. आमचे आप्पा शेतकरी, त्यांनी दादाला बारावीनंतर एमआयडीसीतल्या ब्रशच्या कंपनीत चिकटवला. ब्रश म्हणजे दात घासायचे. तिथे मोल्डिंग खात्यात दादा. प्लास्टिक वितळवून ब्रशचे दांडे पाडायची मोठमोठी मशीनं, त्यातलं सात नंबरचं दादाचं. लग्नाच्या आधीपासून तो त्या मशीनवर, आणि वहिनीपेक्षा जास्त वेळ त्याच्याच सोबत. दसऱ्याला घरच्या देवाला एक हार आणि सात नंबरला दोन. वहिनी चिडायची, पण करणार काय, घर त्यावरच चाललं होतं. आमच्या अख्ख्या खानदानात कुणी कधी ब्रश विकत आणला नाही.

कंपनी हलणार, हलणार, हे आम्ही इतकी वर्षं ऐकत होतो की कुणी मनावर घेईनासं झालं. आज गुजरातला चालली, उद्या कुठे चालली. पण त्याच अफवेनं आमचं एक चांगलं स्थळ गेलं होतं. जिज्ञासा, म्हणजे दादाची एकुलती एक, तिचं कल्याणकडे जवळजवळ जमलं होतं. सुपारी फुटायची बाकी. तेवढ्यात त्या लोकांना कुणीतरी जाऊन सांगितलं, मुलीच्या बापाची कंपनी बंद होतेय. त्यांनी फोन उचलणंच बंद केलं. सरळ नाही तरी म्हणा ना मेल्यांनो! पोरगी महिनाभर धड जेवली नाही. दादा तर स्वतःलाच दोष देत बसला, जसं काय कंपनी यानेच उचलून नेली.

मग मी कंबर कसली आणि दुसरं स्थळ आणलं. बदलापूरचे चिंतामणी केणे, बेलवलीला घर, क्रेन आणि ट्रेलरचा धंदा. जुनी शेतीवाली माणसं. चिंतामणी शेठ अंगानं भरलेले, आणि आवाज असा की त्यांनी फोनवर 'हॅलो' म्हटलं तर फोनची गरज नाही. मुलगा समर्थ कल्याणला गाड्यांच्या शोरूममध्ये. जिज्ञासा बदलापूरला पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते, दोघं दोनदा भेटले, आणि तिसऱ्यांदा भेटायला जाताना पोरगी आरशासमोरून हलेना. मी म्हटलं, झालं काम. सुपारी फुटली, साखरपुड्याची तारीख धरली.

आणि मग एका दुपारी दादा माझ्याकडे आला. कधी न येणारा माणूस, कामाच्या दिवशी. जीन्सच्या ढिगाऱ्यावर बसला आणि म्हणाला, "संजू, झालं. मॅनेजरनं सगळ्यांना बोलावून सांगितलं. कारखाना व्हिएतनामला चालला. मशीनं पण तिकडेच."

मला पहिल्यांदा काय आला असेल तर राग. अरे, ब्रश तुम्ही इथेच विकणार ना? आमच्याच तोंडात घालणार ना? मग बनवायला आमचे हात का नकोत? बायकांच्या कैच्या थांबल्या. एक सिंधी बाई आहे आमच्यात, तिनं दादापुढे पाण्याचा तांब्या ठेवला.

दादा म्हणाला, "मी आत्ताच बदलापूरला जातो. चिंतामणी शेठना सांगून टाकतो."

"वेडा झालास?" मी ओरडलेच. "मागच्या वेळचं विसरलास? पोरगी परत तशी झालेली बघवेल तुला? हळद लागेपर्यंत तोंड उघडायचं नाही. घेतोस आईची शपथ?"

"आणि कुणी विचारलं तर?"

"तर खोकायचं."

त्यानं शपथ घेतली. वहिनीला तेवढं सांगितलं, जिज्ञासाला नाही, कारण ती समर्थला सांगितल्याशिवाय राहिली नसती. आणि दादा खोकायला लागला. साखरपुड्याला कुणी "काय म्हणते कंपनी?" विचारलं की याला ढास. एका म्हातारीनं तर पिशवीतून ज्येष्ठमध काढून दिलं. घरी जिज्ञासा समोर बसली की हा पेपरात डोकं घालायचा, तिनं काही विचारलं की उठून गॅलरीत. खोटं बोलायचं नाही म्हणून हा बोलतच नव्हता. मी मनात म्हणायचे, राहू दे, थोड्या दिवसांचा प्रश्न आहे.

पण साखरपुड्याला मला आणखी एक गोष्ट खटकली. चिंतामणी शेठ दादाच्या जवळपास येत नव्हते. हा हॉलच्या या टोकाला, तर ते त्या टोकाला. फोटोला उभे राहिले तर मध्ये चार माणसं. जेवायच्या वेळेला "क्रेन बंद पडली" म्हणून उठून गेले, स्वतःच्या मुलाच्या साखरपुड्यातून! मला वाटलं, बघा, शेठपणा. पैसा आला की मान आपोआप वर होते. घरी येऊन मी वहिनीला म्हटलंसुद्धा, "सासरा जरा तोऱ्यातला दिसतो, जिज्ञासाला जपून राहायला सांग." कसला तोरा आणि कसलं काय, ते पुढे कळलं.

कंपनीनं एकेक खातं बंद करत आणलं. कॅन्टीन बंद, बस बंद. दादाच्या बरोबरचा अनंता रिक्षा चालवायला लागला, दोघं-तिघं गावी गेले. मोल्डिंगची सात-आठ जुनी माणसं मात्र ठेवली, कशाला, तर मशीनं खोलून, बांधून गाडीवर चढवायला. स्वतःच्या हातानं! मला सांगताना दादा हसत होता, पण ते हसणं काही खरं नव्हतं. सात नंबरच्या खाचांत इतक्या दसऱ्यांचं हळदकुंकू बसलेलं. तिकडे पाठवायचं म्हणून सगळं साफ पाहिजे, असा हुकूम. दादानं थिनरमध्ये फडकं बुडवून एकेक खाच पुसली. त्या दिवशी तो जेवलाच नाही, असं वहिनी म्हणाली.

आणि मग ट्रेलर आले.

आता पुढचं मी डोळ्यांनी बघितलेलं नाही. दोन माणसांनी मला दोन तऱ्हेनं सांगितलंय, आणि दोघंही आपलंच खरं म्हणतात. जिथे दोघांचं जुळतं तेवढंच सांगते.

सकाळी कंपनीत एक लांबलचक ट्रेलर आला, मागून पिवळी क्रेन. ट्रेलरच्या केबिनमध्ये ड्रायव्हरच्या शेजारी एक जाडजूड माणूस, डोक्याला आणि तोंडाला पंचा गुंडाळलेला, नुसते डोळे दिसत होते. ऊन अजून चढलंही नव्हतं. मोल्डिंगवाल्यांना वाटलं असेल कुणी आजारी. तो माणूस खाली उतरेना, पाणी दिलं तर नको म्हणून मान हलवली. कंपनीची अट होती की महागडं मशीन चढवताना गाडीचा मालक स्वतः हजर पाहिजे, तेव्हा तो मालक असणार एवढं सगळ्यांनी धरलं, आणि कामाला लागले.

सात नंबरला चारी बाजूंनी पट्टे लावले. क्रेनवर राजू नावाचा ऑपरेटर होता. मशीन जमिनीवरून उचललं गेलं, हातभर वर आलं. दादा बाजूला उभा होता. आणि मशीनची एक बाजू खाली झुकली, तसा हा शहाणा काय करतो, तर पुढे होऊन दोन्ही हात मशीनला लावतो! टेकू द्यायला! अहो, ते एवढं लोखंड, त्याला हा माणूस टेकू देणार! इतकी वर्षं ज्याला पुसलं, पूजलं, ते पडताना बघून त्याचे हात आपोआप गेले असतील. मागचा पट्टा सरकायला लागला, ते दादाला दिसत नव्हतं. केबिनमधल्या माणसाला दिसत होतं.

आणि अख्ख्या शेडमध्ये आवाज घुमला, "व्याही! मागं व्हा! व्याही, मागं!"

दादा दचकून मागे सरला. राजूनं मशीन दाणकन खाली टेकवलं. जिथे दादाचे पाय होते तिथल्या फरशीला तडा गेला. मशीन सरळ उभं राहिलं, कुणाला काही झालं नाही. आणि पंच्यावाला माणूस केबिनमधून धडपडत उतरत होता, पंचा सुटून गळ्यात आलेला, आणि तो होता चिंतामणी केणे.

"लागलं काय? लागलं काय कुठं?" ते दादाचे हात चाचपत होते.

"नाही," दादा म्हणाला. आणि मग, "तुम्ही इथे कसे?"

आता बघा, दोघांचा घोटाळा कसा होता. चिंतामणी शेठना काही महिन्यांपूर्वी बंदरावरच्या एजंटनं हे काम दिलं, आगाऊ शब्दही घेऊन टाकला. कुठल्या कंपनीची मशीनं, ते मागाहून कळलं. तोवर सुपारी फुटली होती. आणि या माणसाचा एक जुना घाव होता. मागे बदलापूरची एक सुताची कंपनी बंद झाली, तिची मशीनं यांच्या ट्रेलरनं नेली, तर कामगारांच्या बायकांनी यांच्या दारात येऊन बांगड्या फोडल्या होत्या. यांच्या आईनं ते बघून अंथरूण धरलं. त्यात आता होणारी सूनच अशा कामगाराची लेक. शेठनी घरात कुणाला सांगितलं नाही, समर्थलाही नाही. मुलीच्या बापाला कळलं तर तो म्हणेल, माझ्या पोटावर पाय देणाऱ्याच्या घरात मी मुलगी देऊ काय? म्हणून साखरपुड्यात हा माणूस दादाला टाळत होता, आणि मी मेली तोरा म्हणत होते.

ते म्हणाले, "व्याही, तुमाला काय बोलायचं ते बोला. शिव्या द्या. पन लग्न मोडू नका. पोरगा माझा झुरंल."

दादाला हे कळायलाच वेळ लागला. मग तो म्हणाला, "अहो, मीच तुमच्यापासून लपवतोय. माझी नोकरी गेली, शेठ. आईची शपथ घेऊन बसलोय न सांगायची."

"ते मला काय म्हाईत नाय होय?" शेठ ओरडले. "ज्याचं मशीन मी नेतो त्याची नोकरी जाते, एवढी अक्कल हाय मला!"

"मग तुम्ही मोडलं का नाहीत?"

"मी कशाला मोडू? तुमची पोर मी तुमच्या मशीनसाठी केली काय?"

इथे दोघांचं जुळत नाही. दादा म्हणतो, शेठ आधी रडले. शेठ म्हणतात, दादानं आधी सुरुवात केली, त्यांच्या डोळ्यांत नुसता केर गेला होता. एवढं नक्की, की दोघांनी तिथेच, लग्नाच्या कितीतरी आधी, व्याहीभेट घेतली. मांडवाच्या दारात हारफुलं घालून घेतात ती. इथे हार नाही, फूल नाही, दादाचे कपडे ग्रीसनं बरबटलेले, शेठचा पांढराशुभ्र झब्बा गेला कामातून. मोल्डिंगची माणसं टाळ्या वाजवत होती आणि राजूला काही कळत नव्हतं, तो आपला क्रेनवरून विचारतोय, "सेठ, उठाऊ क्या?"

मग दोघांनी मिळून सात नंबर नीट चढवलं. पट्टे शेठनी स्वतः बघितले. गाडी निघायच्या आधी पुढच्या चाकाशी नारळ फोडायची ट्रेलरवाल्यांची पद्धत. शेठनी तो नारळ दादाच्या हातात दिला. दादानं फोडला, मशीनला हात लावून नमस्कार केला आणि बाजूला झाला. मला सांगताना म्हणाला, "संजू, मला वाटलं होतं त्या वेळेला मी कोसळेन. पण तोंडात खोबरं होतं आणि शेठ काहीतरी बडबडत होते. गाडी गेटबाहेर गेली ते कळलंच नाही."

त्यानं मला फोन केला तो तिथूनच. पहिलं वाक्य काय, तर "संजू, मी सांगितलं." माझ्या हातातली कैची पडली. मी त्याला जे झापायला सुरुवात केली ते विचारू नका. शपथ मोडलीस, पोरीचं वाटोळं केलंस, तुला काय करायचं ते कर, मी आता कुठल्या तोंडानं, वगैरे वगैरे. पलीकडून तो हसत होता. मग फोन शेठनी घेतला, आणि त्या आवाजानं माझ्या खोलीतल्या सगळ्या बायकांना सगळं कळलं. मी जीन्सवर बसून राहिले. सिंधी बाईनं सगळ्यांना चहा मागवला.

शेठनी तिथल्या तिथे दादाला आपल्याकडे कामाला या म्हणून सांगितलं होतं. दादानं हात जोडले. लेकीच्या सासऱ्याकडे पगार घ्यायचा, हे आमच्यात जमत नाही, आणि ते शेठनाही पटलं, पुन्हा त्यांनी विषय काढला नाही. आता दादा कॅम्प पाचला एका शेडमध्ये असतो, जीन्सची प्लास्टिकची बटणं पाडायच्या छोट्या मशीनवर. पगार निम्म्यावर आलाय, बस नाही, कॅन्टीन नाही, दसऱ्याला हार घालतो म्हटलं तर मालक म्हणाला, "घाल बाबा, पण टाइम घालवू नको." बरं चाललंय असं मी म्हणणार नाही. चाललंय.

तर त्या दिवशी संध्याकाळी मी धावतपळत अंबरनाथला पोचले. बघते तर दादाच्या स्कूटरवरून हे दोघं येऊन बसलेले, ग्रीस अजून अंगावर. वहिनी स्वयंपाकघरात कावरीबावरी, व्याही असे न कळवता कधी येतात काय! माझ्या कानात म्हणाली, "पोहे टाकू की मटण आणायला पाठवू?" मी म्हटलं, "दोन्ही."

तेवढ्यात जिज्ञासा लॅबमधून आली. दारातच थबकली. बाप आणि सासरा समोरासमोर, दोघांचे डोळे लाल, कपडे मळलेले. तिच्या तोंडावरचा रंगच उडाला. हातातली पिशवी तशीच धरून म्हणाली, "मोडलं ना?"

"काय मोडलं?" दादा म्हणाला.

"लग्न. मला माहितीच होतं." आणि ती रडायलाच लागली, उभ्या उभ्या. "तुम्हाला समर्थ पसंत नव्हता, तर आधी सांगायचं ना बाबा! साखरपुड्यापासून तुम्ही माझ्याकडे बघत नाही. जवळ आले की उठून जाता. काही विचारलं की खोकता. मला काय कळत नाही? माझं मन मोडायला नको म्हणून गप्प बसलात. मी कालच त्याला सांगितलंय, बाबांच्या मनात नसेल तर मी नाही करणार लग्न."

शेठ तोंड उघडं टाकून बसले. मी इकडे लोक मोडतील म्हणून दादाच्या तोंडाला कुलूप लावत होते, आणि पोरगी आतून मोडायला निघाली होती.

दादा उठला. तिच्यासमोर जाऊन उभा राहिला. तिच्या डोक्यावर हात ठेवणार होता, पण हाताला ग्रीस, म्हणून तसाच हवेत धरला. "जिजा," तो म्हणाला, "माझी कंपनी बंद झाली गं. ते सांगायचं नव्हतं म्हणून मी तोंड लपवत होतो. समर्थ मला पसंत आहे. तुझ्याआधी मला पसंत होता."

तिनं डोळे पुसले. त्याच्याकडे बघितलं, मग शेठकडे, मग परत त्याच्याकडे. "एवढंच?" ती म्हणाली. "कंपनीच गेली? माझ्यावर राग नाही ना?"

ज्या कंपनीसाठी या माणसानं अख्खं आयुष्य पहाटे उठून काढलं, तिच्याबद्दल तो लेकीकडे नीट बघून, हसून म्हणाला, "हो गं पोरी, एवढंच. कंपनीच गेली."

जिज्ञासानं तो ग्रीसचा हात धरून स्वतःच्या डोक्यावर ठेवला, आणि मग समर्थला फोन लावायला आत पळाली.